वारीच्या वाटेवरचं पाणी

आमचं आपटा पाताळगंगेच्या काठी. पाण्याची किंमत आम्हाला घरी नाही, घाट चढताना कळते.

पूर्वी कोकणातला वाटसरू बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीस टेकायचा. तिथं नाना फडणवीसांनी मोठं तळं बांधलं. पाणी पिऊन मगच घाटाला लागायचं.

पण पाणी घाण असलं तर तेच जिवावर उठायचं. पंढरीच्या यात्रेत पटकीनं माणसं दगावत. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आणि मीठ जातं, त्यानं माणूस जातो. १९७१ साली बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकी आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून पुष्कळ जीव वाचवले.

आता दिंडीबरोबर टँकर चालतो. तरी आमच्या आया-बहिणी दिवसभर घोटभर पाण्यावर चालतात. कारण वाटेत आडोसा नाही. मग लघवीला जळजळ, अन् दिवेघाटाच्या उन्हात भोवळ.

म्हणून शंभरीच्या साली आमचं सांगणं एकच. टँकरइतकीच बायांच्या आडोशाची सोय दिंडीनं करावी. तहानेची वाट न बघता दर विसाव्याला पाणी प्यावं. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं समजावं. जुलाब झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजावं, आणि दवाखाना गाठावा.

राम कृष्ण हरी.