सत्त्याऐंशी वर्षे उशिरा
जुगारातली संधी मोजायला शिकविणाऱ्या पुस्तकाची वाट पाहणाऱ्यांचा त्रागा आम्ही समजू शकतो. पण जेरोलामो कार्दानोच्या ग्रंथाने तर वाट पाहण्याची हद्दच केली. सोळाव्या शतकातील हा मिलानचा वैद्य आणि गणिती स्वतः अट्टल जुगारी होता. दोन फाशांची ३६ आणि तीन फाशांची २१६ दाने त्याने हिशेबात घेतली, लबाडीचे प्रकारही नोंदविले. १५७६ साली तो वारला. लॅटिन हस्तलिखित छापले गेले १६६३ मध्ये! तोवर पास्काल-फर्मा यांचा पत्रव्यवहार (१६५४) आणि हायगेन्सचे पुस्तक (१६५७) होऊन गेले होते. संभाव्यताशास्त्राचे जनकत्व साहजिकच त्यांच्याकडे गेले. आमच्या मते हा अन्याय अर्धाच आहे. कार्दानो ज्योतिषीही होता, आणि गणित मांडूनही नशिबाला त्याने पटावरून उठविले नाही.