निवड बाळाची, पण ताट कुणाचं?

आमची नात आठ महिन्यांची आहे. सूनबाई तिच्यापुढे वाफवलेल्या गाजराचे बोटाएवढे तुकडे, रताळ्याची फोड नि भाकरीचा मऊ पापुद्रा ठेवते. नात मुठीत धरते, चोखते, निम्मं सांडते. कुणी भरवायचं नाही. याला 'बेबी लेड वीनिंग' म्हणतात म्हणे. माझी ८४ वर्षांची आई बघून म्हणाली, "यात नवीन ते काय? तुम्ही सगळी भावंडं भाकरीचा तुकडा चोखतच मोठी झालात."

आईचं बरोबर आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. म्हणून जरा इतिहास सांगतो.

१९२६ साली अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी एक प्रयोग सुरू केला. तेव्हा तिथले डॉक्टर बाळाला कधी, काय, किती द्यायचं याचे तक्ते आयांच्या हाती देत. डेव्हिसबाईंनी नुकतंच दूध सुटू लागलेल्या बाळांपुढे मांस, अंडी, धान्य, फळं, भाज्या, दूध असं ताट ठेवलं. शेजारी परिचारिका चमचा घेऊन गप्प बसे. बाळानं बोट दाखवलं तरच ती देई, नाहीतर बाळ हातानं खाई. पुढच्या काही वर्षांत अशी १५ मुलं वाढली. एकानं नाश्त्याला संत्र्याचा रस आणि कलेजी खाल्ली! मुडदूस झालेलं एक बाळ बरं होईपर्यंत आपणहून कॉड माशाचं तेल पीत राहिलं. मुलं धडधाकट झाली.

लोकांनी अर्थ काढला, बाळाला सगळं कळतं. पण १९३९ साली बाईंनीच खरी गोम सांगितली. ती होती पदार्थांच्या यादीत. यादीत ३४ पदार्थ, पण साखर नाही, मैदा नाही, डबाबंद काही नाही. निवड बाळाची होती, पण ताट मोठ्यांनी लावलं होतं.

त्याच काळात, १९२८ साली, मिशिगनमध्ये गर्बर कंपनीनं गाळलेल्या भाज्यांचे डबे बाजारात आणले. ताट लावायचं काम हळूहळू कंपन्यांकडे गेलं. २००८ साली ब्रिटनच्या गिल रॅपली यांचं पुस्तक आलं आणि हातानं खाण्याला हे नवं नाव जगभर मिळालं.

आता आपल्याकडे या. दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद आहाराची जाहिरात करायला भारतात बंदी आहे. डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटोही चालत नाही. कायदा १९९२ चा, २००३ साली तो आणखी कडक झाला. किती जणांना ठाऊक आहे? पण कायदा जाहिरात रोखतो, डब्यातली साखर नाही. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेनं दाखवून दिलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर वाढणीमागे सरासरी जवळपास ३ ग्रॅम वरून घातलेली साखर होती. जर्मनी-ब्रिटनमध्ये तेच उत्पादन बिनसाखरेचं होतं.

आणि दुसरं टोक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी साधारण अकरांनाच पुरेसा आहार मिळतो. गाजर वाफवायला पैसा लागत नाही असं आपण सहज म्हणतो. पण डेव्हिसबाईंच्या प्रत्येक बाळाशेजारी एक माणूस बसलेला होता, हे विसरतो. पहाटे फडात उतरणाऱ्या ऊसतोड बाईच्या बाळाशेजारी कोण बसणार? अंगणवाडीतून पाकीट घरी येतं. सोबत बसणारं माणूस पाकिटात येत नाही.

ज्यांना घरी जमतंय त्यांनी जरूर करा. बाळ सहा महिन्यांचं झालेलं, मान सावरून बसणारं हवं. तुकडा दोन बोटांत चिरडेल इतका मऊ हवा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर नको. मीठ-साखर नको, वर्षाच्या आत मध नको. आईचं दूध चालू ठेवा. आणि बाळाला एकटं सोडू नका.

मात्र तेवढ्यावर थांबू नका. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत जाऊन बघा, तिथल्या मुलांच्या ताटात काय पडतं ते. अंडं मिळतं का, भाजी मिळते का, ते विचारा. आपल्या नातवंडांचं ताट आपण लावतो. त्यांचं ताट सरकार लावतं, म्हणजे शेवटी आपणच.