इंजिनातील मिसफायर
सिलिंडरमधील इंधन-हवेचे मिश्रण नीट न पेटणे म्हणजे मिसफायर. गोव्याहून हुबळीच्या दाजीबानपेठेत निघालेल्या गाडीत हा दोष बहुधा अनमोड घाटाच्या चढणीवर, इंजिनावर भार येताच जाणवतो. स्कॅनरवरील पी०३०२ हा संकेतांक दुसरा सिलिंडर दाखवतो. जागा कळते, कारण नव्हे. तरीही नवी कॉइल घेण्याची घाई सर्रास होते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास, थंड इंजिनावर दुसऱ्या-तिसऱ्याच्या कॉइलांची अदलाबदल करावी आणि संकेतांक पुसून गाडी चालवावी. पी०३०३ उमटल्यास कॉइल सदोष. अन्यथा हाच प्रयोग स्पार्क प्लगवर. पुढे इंजेक्टर, कॉम्प्रेशन. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागल्यास मात्र गाडी थांबवावी. न जळालेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी होऊ शकतो.