प्रथिनाचे कूळ

दसऱ्याच्या सुमारास वऱ्हाडातल्या शेलूबाजारच्या शिवारात थ्रेशर धडधडू लागतात. सोयाबीनची गंजी मोडली जाते, कुटाराचा धुरळा उडतो आणि ताडपत्रीवर पिवळ्या दाण्यांची रास लागते. एखादा शेतकरी त्यातला दाणा दाताखाली धरतो. कट्कन फुटला, म्हणजे माल वाळला. त्या दाण्यात वजनाच्या जवळपास ४० टक्के प्रथिन असते. तुरीच्या डाळीत ते २२ टक्क्यांच्या आसपास.

प्रथिनाच्या नावाचा जन्म मात्र युरोपातल्या एका पत्रव्यवहारातला. खेरार्डस मुल्डर हे डच रसायनशास्त्रज्ञ अंड्यातल्या आणि रक्तातल्या द्रव्यांचे पृथक्करण करत होते. सगळ्यांची घडण त्यांना जवळजवळ सारखीच दिसली. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८३८ च्या जुलैमध्ये त्यांना पत्र लिहून नाव सुचवले : प्रोटीन. ग्रीक ‘प्रोतेइओस’ म्हणजे अग्रस्थानी असलेले. ग्रीक ‘प्रोतोस’ आणि संस्कृत ‘प्रथम’ ही एकाच मुळाची भावंडे, त्यामुळे मराठीतल्या ‘प्रथिना’त मूळ नावाचा नादही आला आणि अर्थही.

नाव टिकले, मुल्डर यांची समजूत टिकली नाही. प्रथिन हा एक पदार्थ नव्हे. वीस अमिनो आम्लांच्या मण्यांतून गुंफलेल्या त्या असंख्य माळा आहेत. स्नायू, केस, रक्तातले हिमोग्लोबिन, पाचक विकरे, रोगाशी लढणारी प्रतिपिंडे, सगळे याच मण्यांचे. त्यातले नऊ मणी शरीराला पुरेसे घडवता येत नाहीत, ते जेवणातूनच यावे लागतात. शिवाय चरबीसारखा त्यांचा साठाही होत नाही. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनाची शिफारस करते. ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम.

वऱ्हाडी ताटाने हे गणित आपल्या परीने सोडवले होते. ज्वारीत लायसिन हा मणी कमी, तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी पुरवते. भाकर वरणात कुस्करली की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

सोयाबीन या शिवारात उशिरा आले. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘जेएस ३३५’ हे वाण १९९४ साली प्रसारित झाले आणि विदर्भभर पसरले. ज्वारीचा पेरा आक्रसला. पण नवे पीक घरात थांबलेच नाही. बाजार समितीतून ते तेल कारखान्यात जाते. तेल निघते, आणि प्रथिनाने भरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

हेच सोयाबीन घरी खायचे, तर एक काळजी घ्यावी लागते. कच्च्या दाण्यात प्रथिनाचे पचन अडवणारे घटक असतात. नीट उष्णता दिली की त्यांचा जोर ओसरतो. म्हणून दाणे आधी उकळून, वाळवून, भाजून घ्यायचे. दहा किलो गव्हात असे किलोभर सोयाबीन टाकून दळण आणले, तर पिठातले प्रथिन १२ टक्क्यांवरून साडेचौदाच्या घरात जाते, आणि गव्हात कमी असलेले लायसिनही वाढते. त्यासाठी राशीतले एक पायली सोयाबीन काट्यावर जाण्याआधी घरी ठेवले, तरी कितीतरी दिवसांच्या पोळ्यांची सोय होते.