नळीविना श्वास

एप्रिल २०२१ ची गोष्ट. आमच्या दुसरबीडवरून मेहकर-जालना रस्ता जातो. त्यावर वर्दळ नेहमीचीच, पण त्या महिन्यात अँब्युलन्सच जास्त दिसत. कुणी जालन्याकडे, कुणी बुलडाण्याकडे. अशाच एका गाडीतून मी थोरल्या बहिणीला, आमच्या आपाला, घेऊन निघालो. तिच्या बोटाला लावलेला चिमटा ७९ आकडा दाखवत होता. निरोगी माणसाचा हा आकडा पंचाण्णवच्या वर असतो.

दवाखान्यात खाट मिळाली. तरुण डॉक्टर म्हणाले, ‘‘काका, नळी घालायची घाई नको. मास्कवर ठेवू. आपांना पालथं झोपायला सांगा.’’ माझा राग उसळला. व्हेंटिलेटर नाही म्हणजे माणूस सोडून दिला, अशीच माझी समजूत. मी बी. ए. झालेला माणूस, विज्ञानाशी संबंध दहावीत सुटलेला. आपाला दुसरीकडे हलवतो म्हणून मी हट्ट धरला. आपानेच हाताने खूण केली, ‘राहू दे.’ पुढे कळले, की डॉक्टरांच्या त्या दोन वाक्यांमागे शंभर वर्षांचा इतिहास होता.

आमची दादी १९१८ च्या साथीत दहा वर्षांची होती. त्या तापाला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. मुंबईत तो जूनमध्ये आला आणि पावसाळा सरता सरता पुन्हा उलटला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आपला बुलडाणा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि या प्रांताला साथीचा फार मोठा तडाखा बसला. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे मोठे कारण हीच साथ. दादी सांगायची, कबर खोदायला माणसे मिळत नसत. माणसे श्वासासाठी तडफडत आणि घरच्यांच्या हाती काढा आणि दुआ यांखेरीज काही नसे.

प्राणवायू तेव्हा माहीत नव्हता असे नाही. इंग्लंडमध्ये प्रीस्टलीने १७७४ मध्येच तो वेगळा काढला होता. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने होरपळलेल्या सैनिकांसाठी हाल्डेन या शास्त्रज्ञाने मास्कमधून मोजून प्राणवायू देण्याची पद्धत १९१७ मध्ये मांडली. पण ती वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत कशी पोचणार?

पुढचा धडा पोलिओने दिला. १९२८ मध्ये अमेरिकेत बोस्टनला ‘लोखंडी फुफ्फुस’ तयार झाले. रुग्णाचे डोके बाहेर, बाकी शरीर पेटीत. पेटीतला हवेचा दाब कमी-जास्त करून छाती हलवायची. घशात नळी नाही. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली आणि अशा पेट्या पुरेनात. तेव्हा इब्सेन या डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून नळी घातली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी हाताने दाबून रुग्ण जगवले. आजच्या अतिदक्षता विभागाचा आणि व्हेंटिलेटरचा पाया तिथे घातला गेला.

नळीने जीव वाचतो, पण तिची किंमतही असते. रुग्णाला गुंगीत ठेवावे लागते, नवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी नाकावरच्या मास्कमधून सतत दाबाने हवा देण्याची युक्ती काढली. या दाबाने फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटत नाहीत. पुढे नाकातून ऊबदार, दमट हवा आणि प्राणवायू मिनिटाला साठ लिटरपर्यंत देणारी यंत्रेही आली. बोटावरचा चिमटा ज्या शोधातून आला, तो जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये लावला होता. ते वारले १८ एप्रिल २०२० ला, जग त्यांच्या शोधाकडे डोळे लावून बसले असताना.

कोरोनात मास्क बरा की नळी, हा वाद जगभर झाला. ब्रिटनमध्ये १,२७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ च्या जानेवारीत आले. साध्या प्राणवायूवर शंभरातल्या सुमारे ४४ जणांना महिनाभरात नळी लागली किंवा मृत्यू आला. दाबाच्या मास्कवर ३६ जणांना. वेगवान प्रवाहाच्या यंत्राने मात्र या चाचणीत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे मास्कने काहींची नळी टळते, सर्वांची नाही. रुग्ण थकू लागला तर नळीला उशीर करणेही घातकच.

आणि या सगळ्याला प्राणवायू हवा. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर मावतो. मिनिटाला पाच लिटर दिला तर तो तेवीस तास चालतो. साठ लिटरने निव्वळ प्राणवायू सोडला तर दोन तासही नाही. त्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात कारखान्यांचा प्राणवायू दवाखान्यांकडे वळवावा लागला. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला गेली आणि भरलेले टँकर नागपूर, नाशिकला घेऊन आली. त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण दगावले. तिथे खाट होती, यंत्रे होती, डॉक्टर होते, वायू थांबला.

आपा दिवसाचे कित्येक तास पालथी झोपायची. पाठीकडच्या फुफ्फुसावरचा भार त्याने हलका होतो, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावले. अकराव्या दिवशी तिचा मास्क निघाला. शेजारच्या खाटेवरचे भाऊही मास्कवरच होते. ते थकले, त्यांना नळी घातली. ते घरी परतले नाहीत. उपचार तोच, हात तेच.

मी डॉक्टरांची माफी मागितली. ते म्हणाले, ‘‘काका, त्या रात्री आमच्याकडे सकाळपर्यंत पुरेल एवढेच सिलिंडर होते. तुम्ही भांडत होता आणि मी ते मोजत होतो.’’

दादीच्या काळी ज्ञान खेड्यापर्यंत पोचले नाही. आपाच्या काळी ज्ञान पोचले, प्राणवायू कसाबसा पोचला. साथ ओसरली की टाकी, नळ्या आणि ती चालवणारी माणसे यांचा आपल्याला विसर पडतो. पुढची साथ कधी येईल, सांगता येत नाही. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात सकाळपर्यंत पुरेल एवढा श्वास आहे का, हे मात्र आजच विचारता येते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)