खडकीचा झोत

चंडीगडच्या पोस्टिंगमध्ये संध्याकाळी सुखना तलावावर फेरी ठरलेली असते. समोर शिवालिकच्या टेकड्या, अंधार पडला की वर कसौलीचे दिवे. परवा बरोबर साताऱ्याकडचा एक तरुण जवान होता. त्याने विचारलं, "सर, अँटेनाचा झोत अजून बारीक का नाही करायचा? शत्रूला काही ऐकूच जाणार नाही."

उत्तरासाठी त्याला मी खडकीला नेलं.

खडकी म्हटलं की आपल्याला दारूगोळा कारखाना आणि बॉम्बे सॅपर्स आठवतात. पण १९२७ साली तिथून इंग्लंडशी 'बीम' बिनतारी सेवा सुरू झाली. संदेश खडकीहून जायचे, तिकडून आलेले दौंडला घेतले जायचे. मार्कोनी कंपनीच्या चार्ल्स फ्रँकलिन यांची ही रचना. उंच मनोऱ्यांच्या ओळीवर तारांचा पडदा टांगलेला. सगळ्या तारांत प्रवाह एका तालात. त्यामुळे समोर लहरी एकमेकींना बळ देतात, बाजूला बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात. मागचा दुसरा पडदा आरशाचं काम करतो. ही सेवा इतकी स्वस्त पडली की समुद्री केबल कंपन्या हादरल्या आणि १९२९ मध्ये केबल व बिनतारी यांचा कारभार एकत्र करावा लागला.

पण बाजूच्या लहरी पूर्ण मरत नाहीत. लांब रांगेतल्या सगळ्या तारांना सारखाच प्रवाह दिला, तर मुख्य झोताशेजारच्या पहिल्या पाकळीत त्याच्या सुमारे विसाव्या भागाइतकी तीव्रता उरते. कडेच्या तारांचा प्रवाह कमी केला तर पाकळ्या दबतात, पण मुख्य झोत रुंदावतो. रांग तेवढीच ठेवून दोन्ही साधत नाही. मग उत्तम सौदा कोणता? सी. एल. डॉल्फ यांनी १९४६ मध्ये रशियन गणिती चेबिशेव यांच्या बहुपदी वापरून तो सोडवला: पाकळ्यांची मर्यादा तुम्ही ठरवा, त्या मर्यादेत सर्वांत अरुंद झोत कोणत्या प्रवाहांनी मिळेल, ते गणित सांगतं.

जवान थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे रानात पाणी धरण्यासारखंच, सर. एका बाजूला बांध घातला की दुसरीकडून फुटतं."

बरोबर. म्हणून आम्हा सिग्नलवाल्यांना झोत कुठे जातो एवढं पाहून भागत नाही. शेजारच्या पाकळीत कोण कान लावून बसलंय, तेही आधी पाहावं लागतं.