डीपक्लूफचं कुंपण

जोहान्सबर्गजवळ डीपक्लूफला आफ्रिकी मुलांचं एक सुधारगृह होतं. 1935 साली ॲलन पेटन तिथे मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा ते नावालाच सुधारगृह होतं. आदल्या वर्षापर्यंत ते तुरुंग खात्याकडे होतं आणि शिस्तही तुरुंगाचीच होती. संध्याकाळ झाली की वीस-वीस मुलं एका कोठडीत कोंडायची. आत पाण्याची एक बादली, लघवीला दुसरी. सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. विषमज्वर तिथे ठाण मांडून बसला होता.

पेटन यांनी रात्रीची दारं उघडी ठेवली. मग काटेरी कुंपण काढलं आणि तिथे जिरेनियमची फुलझाडं लावली. भरवशाला उतरलेल्या मुलाला आधी आवारात एकट्याने फिरायची मुभा मिळे, पुढे शनिवार-रविवारी घरी जायची रजा.

मी रिमांड होममध्ये नोकरी केली आहे, म्हणून ही रजा देताना सही करणाऱ्याचं काय होत असेल ते मला ठाऊक आहे. हजेरी घेताना एका नावाला ओ आली नाही की पोटात गोळा येतो. डीपक्लूफमध्ये अशा सुमारे दहा हजार रजा दिल्या गेल्या आणि परत न आलेली मुलं शंभरेक. त्या शंभरांतल्या एकाने जोहान्सबर्गमध्ये एका गोऱ्या बाईचा जीव घेतला. तो चोरीला घरात शिरला होता आणि ती अचानक परतली.

1946 मध्ये परदेशांतले तुरुंग आणि सुधारगृहं पाहायला पेटन दौऱ्यावर गेले. नॉर्वेत ट्रॉनहाइमचं कॅथीड्रल पाहून आले आणि हॉटेलच्या खोलीत कादंबरी लिहायला बसले. तीच ‘क्राय, द बिलव्हड कंट्री’. खेड्यातले पाद्री स्टीफन कुमालो मुलाच्या शोधात शहरात येतात. त्यांच्या मुलाला सुधारगृहातून मुदतीआधी सोडलेलं असतं. त्याच्या हातून चोरी करताना आर्थर जार्विस या भल्या गोऱ्या माणसाचा खून होतो.

आर्थरचे वडील कुमालोंच्या गावातल्या मुलांसाठी दूध पाठवतात, तो भाग वाचून सगळे हळहळतात. मला मात्र जास्त लागतो तो सुधारगृहातला तरुण कर्मचारी. त्यानेच शब्द टाकून मुलाला सोडवलेलं असतं. खुनाची बातमी कळल्यावर तो संतापाच्या भरात म्हाताऱ्या बापाला नाही नाही ते बोलतो. मग त्याच्या मुक्कामी जाऊन माफी मागतो आणि मुलासाठी वकिलाचं काय करायचं ते बघायला लागतो. स्वतः रजेवर सह्या केलेल्या माणसानेच हा प्रसंग लिहावा. आपल्या चुकलेल्या अंदाजाचा राग आपण समोरच्या असहाय माणसावर काढतो, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. आणि त्या तरुणाची क्षमायाचना कोरडी राहत नाही. पाठोपाठ काम येतं.

1948 च्या फेब्रुवारीत कादंबरी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदवाद्यांनी निवडणूक जिंकली. पेटन यांनी त्याच वर्षी डीपक्लूफ सोडलं. तिथे मुलांचे फाजील लाड होतात, अशी वर्णभेदवाद्यांचे नेते फेरवुर्ट यांची जुनी तक्रार होती. त्यांच्याच अमदानीत, 1958 साली, सुधारगृह बंद झालं आणि मुलांची रवानगी शेतमळ्यांवर झाली. तो खून झाला, हे खरंच. तरी मी पेटन यांच्याच बाजूची आहे. शंभरातल्या नव्याण्णव वेळा मुलगा आपल्या पायांनी परत आला होता, तोही कुंपण नसलेल्या जागी.